मूळ चौघे आणि बाकीचे

5 जुलै 2025 च्या रात्री बर्मिंगहॅममधल्या व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानात ब्लॅक सॅबथ या बँडचे मूळ चार सभासद वीस वर्षांनी एकत्र वाजवायला आले. गायक ऑझी ऑस्बोर्न 76 वर्षांचा होता आणि पार्किन्सन्सनं त्याचं उभं राहणं हिरावून घेतलं होतं, म्हणून त्याच्यासाठी काळं सिंहासन मांडलं होतं. त्यावर बसून तो गायला. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बास गिटारवर, बिल वॉर्ड ड्रमवर. गाणी चारच झाली : 'वॉर पिग्ज', 'एन. आय. बी.', 'आयर्न मॅन' आणि 'पॅरनॉइड'. चारही 1970 या एकाच वर्षातली. त्यानंतर सतराव्या दिवशी, 22 जुलैला, ऑझी वारला.

त्या कार्यक्रमाचं नावच 'बॅक टु द बिगिनिंग' असं होतं. आरंभाकडे परत. पण 1970 आणि 2025 यांच्या मधली पंचावन्न वर्षं ज्यांनी या बँडबरोबर काढली, त्या चाहत्यांना विचारलं तर 'आरंभ' म्हणजे नेमकं काय, 'परत' म्हणजे कुणी परत, यावर त्यांचं एकमत होणार नाही. ब्लॅक सॅबथच्या नावावर एकूण 19 स्टुडिओ अल्बम आहेत. त्यांतले नऊ ऑझीच्या आवाजात आहेत. रॉनी जेम्स डिओचे तीन, टोनी मार्टिनचे पाच, इयन गिलन आणि ग्लेन ह्यूज यांचा प्रत्येकी एक. म्हणजे निम्म्याहून अधिक अल्बम ऑझीशिवायचे. एकोणीसच्या एकोणीस अल्बमांत असलेला माणूस एकच, आयोमी. या आकड्यांभोवतीच चाहत्यांच्या चार दशकांच्या भांडणाचा इतिहास फिरतो. तो मला केवळ रॉक संगीताचा इतिहास वाटत नाही. एखाद्या कृतीचं मूळ कुठे असतं आणि तिच्यावर हक्क कुणाचा, हा माझ्या, म्हणजे अनुवादाच्या धंद्यातलाही रोजचा प्रश्न आहे.

सुरुवात अ‍ॅस्टनपासून करावी लागते. बर्मिंगहॅमच्या या कामगारवस्तीत चौघेही वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतरचं हे शहर भट्ट्यांचं, पत्र्याच्या कामाचं, मोटारींच्या सुट्या भागांचं. याच पट्ट्यातल्या ओतशाळांमध्ये तेव्हा पंजाबमधून आलेले हजारो कामगार राबत होते, आणि पुढे इंग्लंडातल्या भांगड्यानंही याच शहरात मूळ धरलं. ऑझी कत्तलखान्यात काम करून आला होता, मोटारींचे हॉर्न सुरात लावायच्या कारखान्यात बसला होता आणि घरफोडीपायी काही आठवडे तुरुंगातही राहून आला होता. बटलर हिशेबनिसाचं काम शिकत होता. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. संगीतासाठी नोकरी सोडायची ठरली आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तोडली. वय सतरा. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात तोच.

हताश झालेल्या आयोमीला कारखान्यातल्या मुकादमानं जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला हा गिटारवादक उरलेल्या बोटांवर किती वाजवतो ते ऐक, असं त्याला सांगायचं होतं. आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चढवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या. पुढे 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त त्यानं तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. हार्मोनियमच्या हिशेबानं काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली. तारा सैल झाल्या, बोटांचा त्रास कमी झाला आणि आवाज जड, खोल, चिखलातून येणाऱ्या पावलांसारखा झाला. पुढे ज्याला जगभर हेवी मेटल म्हणू लागले, त्या नादाचा मोठा भाग असा एका कामगाराच्या अपघातातून आलेला आहे. हे नुसतं रंजक म्हणून सांगत नाही. हा बँड श्रमातून आला, ही गोष्ट पुढे करारांच्या भांडणात कामाला येणार आहे.

पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला, शुक्रवारी निघाला. तो एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला होता. पाऊस, गडगडाट, दूरवरची घंटा आणि मग तीनच स्वरांची गिटारची ओळ : सा, वरचा सा आणि तिथून खाली तीव्र मध्यम. रागसंगीताच्या कानाला तीव्र मध्यमाची सवय असते. पाश्चात्त्य कानाला ते अंतर शतकानुशतकं अशुभ वाटत आलेलं. समीक्षकांनी अल्बमची टर उडवली. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्ज यांनी त्याला झोडपलं. श्रोत्यांनी मात्र तो उचलून धरला आणि त्याच वर्षीचा दुसरा अल्बम, 'पॅरनॉइड', ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. चाहत्यांच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली : हा बँड शहाण्यासुरत्यांचा नाही, आपला आहे. ज्या गोष्टीला कुणी नावाजत नाही ती आपली म्हणून जपली, की तिच्यावरचा हक्कही जरा जास्तच वाटू लागतो.

एप्रिल 1979 मध्ये ऑझीला काढून टाकलं. दारू आणि अमली पदार्थ चौघांच्याही अंगवळणी पडले होते, पण ऑझी कामालाच येईनासा झाला होता. त्याला ही बातमी सांगायची जबाबदारी वॉर्डवर आली, कारण दोघांची मैत्री सगळ्यांत घट्ट. त्याच्या जागी डिओ आला. उंचीनं लहान, आवाजानं प्रचंड, इटालियन वंशाचा अमेरिकन गायक. लहानपणी तो ट्रम्पेट वाजवायचा आणि गाण्यातला आपला दमसास तिथून आला असं सांगायचा. एप्रिल 1980 मध्ये 'हेवन अँड हेल' निघाला आणि चाहत्यांची पहिली वाटणी झाली.

या वाटणीमागे नुसती व्यक्तिपूजा नव्हती. संगीतात खरोखरच काही बदललं होतं. ऑझीच्या काळात गिटारची ओळ आणि गाण्याची चाल बऱ्याचदा हातात हात घालून चालतात. 'आयर्न मॅन'मध्ये आयोमी जे वाजवतो तेच ऑझी गातो, जणू पेटीवाला गायकाच्या मागे जाण्याऐवजी गायकच पेटीच्या मागे निघाला आहे. त्यामुळे गाण्याला मंत्रासारखा एकसुरी जोर येतो. ऑझीचा आवाज पट्टीचा गवयाचा नाही. तो घाबरलेल्या माणसाचा आवाज आहे आणि गाण्यात तो खरा वाटतो. डिओ गिटारच्या ओळीमागे जात नाही. तो तिच्यावरून, तिला छेद देत गातो. मग आयोमीलाही गाण्याखाली स्वरांची मांडणी बदलावी लागली, जागा सोडाव्या लागल्या. बँड तोच, पण रचनेचं व्याकरण वेगळं झालं.

शब्दही बदलले. पहिल्या आठ अल्बमांतली बहुतेक गीतं बटलरची. युद्ध पेटवून घरी बसणारे सेनापती, अणुबाँब, सैनिकांचं व्यसन, मनाचा आजार असे त्याचे विषय. काळी जादू हे या बँडवर चिकटलेलं लेबल. आत पाहिलं तर व्हिएतनामच्या काळातल्या एका कॅथलिक कामगार कुटुंबातल्या मुलाची भीती आहे. डिओ आल्यावर गीतलेखन त्याच्याकडे गेलं. राजे, इंद्रधनुष्य, मुखवटे, चांगलं आणि वाईट यांचं कायमचं द्वंद्व अशी त्याची सामग्री. एका पक्षाला यात काव्य दिसलं, दुसऱ्याला परीकथा. ऑझीवाले म्हणत, रस्ता सोडून हे किल्ल्यात जाऊन बसले. डिओवाले म्हणत, अखेर या बँडला गाता येणारा माणूस मिळाला. दोन्ही वाक्यांत तथ्य होतं, म्हणून भांडण मिटलं नाही.

या भांडणाचा सगळ्यांत सुंदर पुरावा 1982 च्या अखेरीस जमा झाला. ऑझीनं तोवर वेगळी चूल मांडली होती आणि ती चांगली पेटलीही होती. मात्र त्याचा तरुण गिटारवादक रँडी रोड्झ मार्चमध्ये विमान अपघातात गेला. त्या वर्षाअखेर ऑझीचा 'स्पीक ऑफ द डेव्हिल' हा प्रत्यक्ष मैफलीचा अल्बम आला, आणि त्यात सगळी गाणी ब्लॅक सॅबथची. थोड्याच आठवड्यांत खुद्द ब्लॅक सॅबथचा 'लाइव्ह इव्हिल' आला, त्यात तीच बरीचशी गाणी डिओच्या आवाजात. एकाकडे मूळ आवाज पण परके वादक, दुसऱ्याकडे बहुतेक मूळ वादक पण परका आवाज. तौलनिक साहित्याच्या वर्गात एकाच संहितेचे दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचायची रीत असते. हे दोन अल्बम मी तसेच ऐकते. डिओ 'वॉर पिग्ज' गातो तेव्हा प्रत्येक शब्द स्पष्ट, तोललेला, सुरेल. आणि नेमक्या त्याच कारणानं भीती कमी. ऑझी गातो तेव्हा भीती शाबूत, पण खालचं वादन दुसऱ्याचं, आयोमीच्या बोटांतला जडपणा गायब. मूळ कृती या दोन्हींत नाही. ती दोघांच्या मध्ये कुठेतरी राहून गेली.

एक गोष्ट मात्र डिओची म्हणून जगभर रुजली आणि तिचा उगम आपल्याकडे सहज कळेल असा आहे. तर्जनी आणि करंगळी उभी करून दाखवायची खूण, जी आज कुठल्याही रॉकच्या कार्यक्रमात दिसते. ऑझी दोन बोटांची शांततेची खूण करायचा. आपण त्याची नक्कल करायची नाही म्हणून डिओनं आजीची खूण उचलली. त्याची इटालियन आजी वाईट नजर लागू नये म्हणून रस्त्यानं जाताना ती करायची. म्हणजे सैतानाची म्हणून प्रसिद्ध झालेली ही खूण मुळात दृष्ट काढायची. हजारो माणसं हात वर करून ती एकमेकांना दाखवतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आजी ठाऊक नसते.

डिओ 1982 मध्येच बाहेर पडला आणि मग सुरू झाली नावाची फरफट. 1983 मध्ये डीप पर्पलचा गिलन आला. त्या दौऱ्यासाठी स्टोनहेंजचा देखावा एवढा अवाढव्य बनवला की तो बऱ्याच रंगमंचांवर मावेचना. 1986 चा 'सेव्हन्थ स्टार' आयोमीला स्वतःच्या नावानं काढायचा होता, पण कंपनीला जुनी पाटी हवी होती, म्हणून मुखपृष्ठावर ब्लॅक सॅबथ आणि सोबत टोनी आयोमी असं दुहेरी नाव आलं. बँडचं नाव आता संगीताचं वर्णन राहिलं नाही, ते दुकानाची पाटी झालं. 1987 पासून बर्मिंगहॅमचाच टोनी मार्टिन गायक झाला आणि मधला डिओचा फेरा सोडला तर 1995 पर्यंत राहिला. पाच अल्बम, म्हणजे डिओहून दोन जास्त. त्यांतले बरेच पुढे कित्येक वर्षं बाजारात मिळतही नव्हते. त्यामुळे मार्टिनच्या चाहत्यांचा एक छोटा, हट्टी पंथ तयार झाला. ते 'हेडलेस क्रॉस'च्या प्रती जपून ठेवत आणि कुणी बँडचा इतिहास सांगताना 1983 वरून थेट 1997 वर उडी मारली की चवताळत. 2024 मध्ये त्या काळातले चार अल्बम संचरूपानं पुन्हा निघाले, तेव्हा या पंथाला काहीसा न्याय मिळाला.

आता परतण्यांकडे येऊ, कारण या बँडचं 'अखेरचं पुनरागमन' एकदा झालेलं नाही. 13 जुलै 1985 ला फिलाडेल्फियाच्या लाइव्ह एडमध्ये मूळ चौघांनी सकाळच्या उन्हात तीन गाणी वाजवली आणि पुन्हा वेगळे झाले. 1992 मध्ये डिओ परतला, 'डीह्यूमनायझर' हा अल्बम झाला, आणि वर्षाअखेर कॅलिफोर्नियात ऑझीच्या तथाकथित निवृत्तीच्या कार्यक्रमाआधी सॅबथनं वाजवायचं ठरलं. आपल्या पूर्वसुरीच्या आधी वाजवायला डिओनं नकार दिला आणि तो पुन्हा गेला. ज्यूडस प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड दोन रात्रींपुरता गायक म्हणून उभा राहिला, आणि शेवटी मूळ चौघे काही गाण्यांसाठी एकत्र आले. मग डिसेंबर 1997 मध्ये बर्मिंगहॅमला दोन रात्री चौघांच्या पूर्ण मैफली झाल्या. त्यांचा 'रीयुनियन' हा अल्बम पुढच्या वर्षी निघाला. त्या ध्वनिमुद्रणात श्रोत्यांचा आवाज ऐकण्यासारखा आहे. प्रत्येक शब्द पाठ असलेली गर्दी, गावचा बँड गावात परतलेला. ऑझीवाल्यांच्या दृष्टीनं वाद इथे संपला.

डिओवाल्यांसाठी तो 2006 मध्ये पुन्हा उघडला. आयोमी, बटलर, डिओ आणि ड्रमवादक विनी अ‍ॅपिसी एकत्र आले, म्हणजे 1981 च्या 'मॉब रूल्स'चा संच जसाच्या तसा. पण नाव घेतलं 'हेवन अँड हेल'. कारण ब्लॅक सॅबथ म्हटलं की लोक ऑझीची गाणी मागणार, आणि त्यांना ती गायची नव्हती. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यांत प्रामाणिक निर्णय वाटतो. वेगळी कृती, वेगळं नाव. लोक तरीही आले. याच काळात खऱ्या नावाची भाऊबंदकी कोर्टात पोचली : मे 2009 मध्ये ऑझीनं न्यू यॉर्कमध्ये आयोमीवर नावाच्या मालकीबद्दल दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. नावाचा सातबारा कुणाचा? एकोणीस अल्बम वाजवणाऱ्याचा, की ज्याच्या आवाजानं नाव झालं त्याचा? कोर्टाला उत्तर द्यावं लागलं नाही. चाहते देतच होते. 16 मे 2010 ला डिओ पोटाच्या कर्करोगानं गेला आणि त्याच्या बाजूनं परतण्याची शक्यता कायमची संपली.

11 नोव्हेंबर 2011, म्हणजे 11-11-11 ला, लॉस एंजेलिसच्या व्हिस्की अ गो गो या क्लबात मूळ चौघे एका रांगेत बसले आणि जाहीर झालं की नवा अल्बम येतोय, जगभर दौरा होणार. मूळ चौघांचा पूर्ण नवा अल्बम 1978 नंतर झालेला नव्हता. माझ्या पिढीनं, म्हणजे मित्रांकडून कॅसेटी भरून घेऊन हा बँड ऐकलेल्यांनी, या चौघांचा एकही अल्बम 'नवा' म्हणून ऐकला नव्हता. आमच्यासाठी ते सगळं आधीच घडून गेलेलं होतं. अभिजात ग्रंथाचा लेखक अचानक दारात उभा राहून पुढचं प्रकरण लिहितोय म्हणाला तर जे वाटेल, तसं वाटलं.

दोन महिन्यांत आयोमीला लिम्फोमा झाल्याचं कळलं. फेब्रुवारी 2012 मध्ये बिल वॉर्डनं जाहीर निवेदन काढलं : सही करण्याजोगा करार मिळाला नाही, तर मी यात नाही. आधीच्या दौऱ्यानंतर आपण अन्याय्य करारावर पुन्हा सही न करण्याचं ठरवलं होतं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या बाजूनं, विशेषतः ऑझीकडून, पुढे सांगितलं गेलं की वॉर्डची तब्येत एवढ्या दौऱ्याला पेलणारी नाही. करारातले आकडे बाहेर आले नाहीत. दौरा निघाला, ड्रमवर ऑझीच्या बँडमधला टॉमी क्लुफिटॉस बसला. अल्बमसाठी रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क.

इथली फूट आधीच्यांहून वेगळी होती. ऑझी की डिओ हा आवडीचा प्रश्न. त्याचं उत्तर चुकीचं असू शकत नाही. वॉर्डचा प्रश्न न्यायाचा होता, आणि त्याला आवडीचं उत्तर दिलं जात होतं. एक गट म्हणत होता, वॉर्ड नाही तर सॅबथ नाही, तिकीट काढणार नाही. दुसरा म्हणत होता, आयोमीला कर्करोग आहे, उद्या काय होईल सांगता येत नाही, आत्ता ऐकलं नाही तर कधीच नाही. दुसऱ्या गटाचा आनंद खरा होता आणि त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण पत्र्याच्या कारखान्यातून, कत्तलखान्यातून निघालेल्या चार जणांपैकी एक जण कामाच्या अटींवर अडून बसतो, आणि त्याच्या वाटणीच्या जागी बदली कामगार येऊन यंत्र चालू राहतं, हा प्रसंग अ‍ॅस्टनच्या लोकांना अपरिचित नसावा. चाहत्यांची उत्कंठा जेवढी मोठी, तेवढी अडून बसणाऱ्याची किंमत कमी होते. कारण मैदान भरणारच असतं.

संगीतातही त्याची जागा भरून आली नाही. वॉर्ड जीन क्रूपासारख्या जॅझवादकांवर वाढला. त्याचा ठेका तालात चोख बसण्यापेक्षा किंचित झुलतो. गिटारच्या जड ओळीखाली तो पाण्यासारखा हलतो. जून 2013 मध्ये निघालेल्या '13'मध्ये सगळं जागच्या जागी आहे आणि ते झुलणं नाही. निर्माता रिक रूबिन यानं त्यांना आपला पहिला अल्बम पुन्हा ऐकायला लावला होता, मधली चाळीस वर्षं विसरायला सांगितली होती. अल्बम पाऊस, गडगडाट आणि घंटेनं संपतो, जिथे पहिला सुरू झाला होता. काहींना त्यात वर्तुळ पूर्ण झाल्याचं समाधान मिळालं. काहींनी म्हटलं, हे लोक आता स्वतःचीच नक्कल करताहेत. मला दोन्ही पटतं. त्यात अशी गाणी आहेत ज्यांना 1971 मध्येही मान मिळाला असता. पण 1971 मध्ये त्यांनी ती लिहिली नसती, कारण तेव्हा ते मागे वळून पाहत नव्हते. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'पॅरनॉइड'नंतर जवळजवळ 43 वर्षांनी. अमेरिकेत तर तो त्यांचा पहिलाच पहिला क्रमांक. 1970 मध्ये ज्यांना झोडपलं, त्यांना 2013 मध्ये सगळ्यांनी नमस्कार केला.

मग 'द एन्ड' नावाचा 81 मैफलींचा दौरा झाला आणि 4 फेब्रुवारी 2017 ला बर्मिंगहॅममध्ये तो संपला. वॉर्डशिवाय. पुष्कळ चाहत्यांना तो शेवट अपुरा वाटत राहिला आणि 2025 ची ती चार गाणी त्या अपुरेपणावरचा उतारा होती. आठ वर्षांत ऑझी आजारानं थकला, वॉर्ड 77 वर्षांचा झाला, पण तो आला. कमाई पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला आणि मुलांच्या रुग्णसेवेला जाणार होती, त्यामुळे यावेळी वाटणीचा वादही नव्हता. दिवसभर मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेअर, टूल अशा बँडनी त्यांची गाणी वाजवली. आपल्याला घडवणाऱ्यांसमोर त्यांचीच विद्या सादर करायची, अशी ती गुरुपौर्णिमाच होती. आधीच्या फुटी त्या रात्रीपुरत्या बाजूला राहिल्या.

राहिल्या म्हणजे मिटल्या नाहीत. त्या चार गाण्यांत डिओचं काही नव्हतं, मार्टिनचं काही नव्हतं. 'आरंभ' निवडला की मधलं वगळलं जातं, हे कुठल्याही परंपरेचा इतिहास लिहिताना होतं. 2006 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं सन्मान केला तोही मूळ चौघांचाच. 'मूळ' हा शब्द अनुवादकाच्या कानावर फार येतो आणि बहुधा तो अनुवादाला त्याची पायरी दाखवायला वापरलेला असतो. 'हेवन अँड हेल' ऐकताना मला ती पायरी सापडत नाही. तो ऑझीच्या सॅबथचा अनुवाद नाही, दुय्यम आवृत्तीही नाही. ती जुन्या पाटीखाली लिहिलेली स्वतंत्र संहिता आहे, आणि तिच्यावर झालेला अन्याय फक्त पाटीचा आहे. म्हणूनच ज्यांना मूळ हवं आहे त्यांना मी आकडेच पुन्हा दाखवते. ज्या वॉर्डवाचून 2012 मध्ये अडलं नाही, तो एकोणीसपैकी दहा स्टुडिओ अल्बमांत आहे. पहिल्या आठांत, 'हेवन अँड हेल'मध्ये आणि गिलनच्या 'बॉर्न अगेन'मध्ये. ऑझी नऊमध्ये आहे.

30 जुलै 2025 ला ऑझीची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, पुढे ब्रास बँड, दुतर्फा हजारो माणसं. तिथल्या कालव्यावरच्या पुलाला 2019 पासून ब्लॅक सॅबथचं नाव आहे आणि पुलावर एक बाक आहे, चौघांचे चेहरे लावलेला. यात्रा तिथे थांबली, कुटुंबानं फुलं पाहिली, फुलं वाहिली. गर्दीतले हात वर गेले होते. बऱ्याच हातांची तर्जनी आणि करंगळी उभी होती, ऑझीला निरोप देताना डिओच्या आजीची खूण.